सान अंतोनिओचे रिकामे हात

जूनच्या दहा तारखेला सकाळी, हातात झाडू आणि पोटात पाप घेऊन, दोन्या लिब्रादा, म्हणजे लिब्रादाबाई, गावच्या चर्चमधलं बाळ येशू पळवायला निघाली.

यात तसं नवल काही नव्हतं. सान अंतोनिओ हा संत हरवलेलं शोधून देतो, हे लास पालोमितास गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. किल्ल्या, शेळ्या, नवरे, काहीही. पण तो पडला सज्जन, आणि सज्जनांना कामाला लावावं लागतं. गोड बोलून ऐकलं नाही तर त्याच्या हातावरचं बाळ काढून घ्यायचं, लपवून ठेवायचं आणि सांगायचं, "माझं काम झालं की तुझं बाळ परत." ज्याच्या हातातलं लेकरू जातं तो झक मारत हालचाल करतो. फादर लोकांना हा प्रकार पसंत नाही. पण फादर दर पाच-सहा वर्षांनी बदलतात, आणि सान अंतोनिओ दीडशे वर्षं त्याच कोनाड्यात उभा आहे.

लिब्रादाचं आणि संतांचं तसंही कधी फारसं पटलं नाही. गारपिटीने वाटाणा झोपला तेव्हा तिने शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो उचलला आणि तीन दिवस शेताच्या बांधावर उन्हात उभा केला. "बघ तुझी करणी," म्हणाली. देव पाण्यात घालून बसणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण लिब्रादाने सांता इनेसला खरोखरच विहिरीच्या बादलीत बसवून दोन तास लटकवलं होतं. हरवलेली शेळी संध्याकाळी आपल्या पायांनी घरी आली. तेव्हापासून तिच्या घरातल्या फळीवरचे संत जरा सावरून उभे असतात, असं गावात म्हणत. धीर हा शब्द ती फक्त फादरपुढे कबुली देताना उच्चारत असे, तोही 'माझ्याकडे तेवढा नाही' असं सांगण्यासाठी.

या वेळी मात्र प्रश्न शेळीचा नव्हता. तिचा मुलगा आबेलिनो वणवे विझवणाऱ्या टोळीत होता. लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर झालेला, एकुलता एक. मेच्या शेवटी त्याच्या टोळीला विमानात घालून अलास्काला नेलं, आणि कुठेही असला तरी दर रविवारी फोन करणारा हा मुलगा गप्प झाला. एक रविवार गेला. मग तीन जूनला रेडिओवर सांगितलं की अलास्कात वणव्यावर गेलेलं एक हेलिकॉप्टर पडलं, नावं अजून कळलेली नाहीत. लिब्रादाने ताबडतोब टोळीच्या कचेरीत फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, "आमच्या माहितीप्रमाणे त्यात आपली मुलं नव्हती."

"माहितीप्रमाणे म्हणजे?"

"म्हणजे आमच्याकडे जेवढी माहिती आहे, त्याप्रमाणे."

"आणि किती आहे?"

"फारशी नाही, मॅडम."

त्या दिवसापासून लिब्रादाच्या घशाखाली घास नीट उतरत नव्हता. आणि तिचा नवरा ओनेसिमो? तो सकाळी उठून अल्फाल्फाच्या गवताला पाटाचं पाणी लावायला जाई, दुपारी घेवड्याची उसळ आणि दोन तोर्तिया खाई, रात्री पाठ टेकली की घोरायला लागे. "वाईट बातमीला पाय असतात म्हातारे, ती धावत येते. आली नाही ना? मग झालं तर," एवढंच त्याचं म्हणणं. लिब्रादाला वाटे, याच्या छातीत काळीज आहे की भट्टीतली वीट! वर जूनच्या उन्हात लोकरीचा कोट घालून फिरायचा. विचारलं की म्हणायचा, पाठ धरलीय. तिने दोनदा तेल लावून पाठ चोळून दिली, तेही चरफडत.

तिने आधी रीतसर सगळं करून पाहिलं. मेणबत्त्या लावल्या. घरातल्या लहानशा सान अंतोनिओला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मग डोकं खाली, पाय वर करून घेवड्याच्या डब्यात खुपसलं. पण घरातल्या संताचं बाळ एकाच लाकडात कोरलेलं, काढून घ्यायची सोय नाही. चर्चमधल्याचं तसं नव्हतं. त्याच्या डाव्या हातावर एक लाकडी खुंटी होती आणि त्या खुंटीवर वीतभर लांबीचं, पापे घेऊन घेऊन नाक झिजलेलं बाळ बसवलेलं होतं. शिवाय त्या वर्षी चर्चची मानकरीण लिब्रादाच होती. झाडलोट, फुलं, सणाची तयारी, बाळाचा नवा अंगरखा, सगळं तिच्याकडे. चर्चची एकुलती एक किल्ली तिच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरच्या खिळ्याला टांगलेली, आणि आबेलिनोच्या काळजीत जून लागल्यापासून तिने ती काढलीच नव्हती.

तर ती चर्चमध्ये शिरली, दार आतून लावलं, खुर्ची ओढली, वर चढली, आणि पाहते तो सान अंतोनिओचे हात रिकामे. नुसती खुंटी!

चोरी करायला आलेल्या बाईच्या आधी कुणीतरी चोरी करून गेलं होतं. लिब्रादाला पहिल्यांदा भीती वाटली नाही, दुःख झालं नाही. तिला कडाडून राग आला. आपण इतके दिवस संयम पाळला आणि तेवढ्यात कुणीतरी नंबर लावला! आता सान अंतोनिओ त्या दुसऱ्याचं काम आधी करणार. मग खुर्चीवर उभ्या उभ्या तिला बाकीचं सुचायला लागलं. तीन दिवसांवर सान अंतोनिओचा सण. फादर येणार, मिरवणूक निघणार, सगळं गाव या हातांकडे बघणार. बाळ गेलं म्हणून बोंब मारावी, तर किल्ली हिच्याकडेच. आणि परवाच पोस्टात, चांगल्या अकरा माणसांदेखत, ती मोठ्याने म्हणाली होती की सान अंतोनिओला आता हिसका दाखवते. न केलेल्या चोरीचं खापर हिच्याच डोक्यावर फुटणार, आणि करायची होती ती चोरी तर राहूनच गेली.

तिचा संशय सरळ पेर्फिलियावर गेला. पेर्फिलिया गेल्या वर्षीची मानकरीण. तिने किल्लीची नक्कल करून ठेवली नसेल कशावरून? तिची ब्रिहिदा चौतिशीची झाली तरी घरातच होती, आणि नवरे जमवण्याचं खातं सान अंतोनिओकडेच आहे. पेर्फिलिया आबेलिनोची धर्ममाता होती, त्यामुळे दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणत, अहो-जाहो करत, आणि त्या अहो-जाहोच्या आडून यथेच्छ टोचत.

दुसऱ्या दिवशी ती बया आपण होऊनच आली. लिब्रादा चर्चच्या पायरीवर बसून पितळी मेणबत्तीदाण्या घासत होती.

"कोमाद्रे, बाळाचा अंगरखा झाला का शिवून? म्हटलं बघून यावं."

"झाला की. घातलासुद्धा."

"मग उघडा ना दार. डोळे भरून पाहते."

"जमीन पुसलीय. ओली आहे."

"मी कडेकडेने जाईन."

"तुम्ही मावाल एवढी कड नाही ठेवली, कोमाद्रे."

पेर्फिलियाने ओठ आवळले आणि पायरीवर बसकण मारली. लिब्रादा मेणबत्तीदाणीवर फुंकर घालत म्हणाली, "ब्रिहिदाचं जमलं का कुठे?"

"जमेल हो. देवाची वेळ असते एकेक."

"असते ना. पण काही लोक म्हणे ती वेळ लवकर ओढून आणतात. पेटीत वगैरे घालून ठेवतात."

"वेळ?"

"काहीही. लोकांचा काय नेम."

"तुमचं डोकं ठिकाणावर नाही, कोमाद्रे," पेर्फिलिया म्हणाली, पण या वेळी टोचून नाही. "नसायचंच. माझाही जीव थाऱ्यावर नाही. मी धरलं होतं आबेलिनोला बाप्तिस्म्याला, माझ्या अंगावर ओकला होता." ती उठली आणि बरोबर आणलेली, मनुकांचं सारण भरलेल्या करंज्यांची पुरचुंडी लिब्रादाच्या मांडीवर ठेवून चालती झाली. लिब्रादाला क्षणभर स्वतःची लाज वाटली. पण संशय काही गेला नाही.

उरला एक दिवस. तिने ओनेसिमोला विचारलं, कारण तो फावल्या वेळात लाकूड कोरायचा, "वीतभर बाळ कोरायला किती दिवस लागतात रे?"

ओनेसिमोच्या हातातला चमचा थांबला. "कशाला?"

"सहज."

"लाकूड वाळायला एक वर्ष," तो म्हणाला, "आणि कोरायला, बाळाला वाटेल तेवढे." आणि कोटाची बटणं लावून बाहेर निघून गेला. याच्या तोंडी लागण्यात अर्थ नाही, असं ठरवून लिब्रादाने माळ्यावर हात घातला.

माळ्यावर गेल्या शरदातले छोटे भोपळे वाळत टांगलेले होते. त्यातला एक, वर बारकं डोकं आणि खाली गुबगुबीत पोट, असा होता की जणू जन्मतःच बाळसं धरलेला. तिने त्याला नवा अंगरखा चढवला, डोक्याला टोपडं बांधलं, तोंडावरून लेसचा रुमाल ओढला. लांबून पाहिलं. मग आणखी लांबून पाहिलं. बऱ्यापैकी लांबून तो बाळ येशू दिसत होता. भोपळ्याच्या बुडाला भोक पाडून तिने तो खुंटीवर बसवला आणि सान अंतोनिओला दम दिला, "तोंडातून अवाक्षर काढायचं नाही."

तेरा तारखेला सकाळी फादर लॅम्बर्ट आले, मिस्सा झाली. तोंडावर रुमाल का, असं तीन जणींनी विचारलं. "ऊन लागतं," असं लिब्रादाने चर्चच्या आत, सावलीत उभं राहून सांगितलं. मग व्हायोलिन आणि गिटार पुढे, चौघांच्या खांद्यावर चौरंगावर उभा सान अंतोनिओ, मागे फादर आणि मागे सारं गाव, अशी मिरवणूक पाटाकडे निघाली.

पाटावर दोन फळ्या टाकलेल्या होत्या. पुढच्या दोघांनी पाय ठेवला, फळी हबकली, चौरंगाला हिसका बसला, आणि बाळाच्या पोटातून आवाज आला, खुळखुळ!

वाळलेल्या भोपळ्यात बिया असतात, हे शेतकऱ्याच्या बायकोला कुणी सांगायला नको. पण गडबडीत राहून गेलं. व्हायोलिन थांबलं. चौघे भांबावून जागच्या जागी वळले, पुन्हा खुळखुळ. नव्वदीचा तेलेस्फोर, ज्याला एरवी कानाशी तोफ उडवली तरी कळत नाही, तो हात वर करून ओरडला, "हसलं! बाळ हसलं!"

झालं. बायका पटापट गुडघ्यावर बसल्या. पुरुषांनी टोप्या काढल्या. पेर्फिलिया तर सगळ्यांच्या आधी धुळीत लोटांगण घालून "माझ्या ब्रिहिदाकडे बघ रे राजा" म्हणून रडायला लागली. तेवढ्यात लिब्रादाच्या लक्षात आलं की ही खरंच रडतेय; हिच्याकडे बाळ नाही. आता ज्याच्याकडे खरं बाळ असेल, तो काय करील? हा चमत्कार खोटा आहे हे या गर्दीत तिच्याखेरीज फक्त त्यालाच माहीत. तिने मान न हलवता सगळ्यांवरून नजर फिरवली.

सगळ्यांचे हात कपाळाकडे क्रूस करायला गेले होते. एकाचा नाही. बाजारात 'खिसेकापू!' अशी आरोळी उठल्यावर माणसं जशी आपला खिसा चाचपतात, तसा तिच्या नवऱ्याचा हात कोटाच्या आतल्या डाव्या खिशावर गेला होता आणि तिथेच घट्ट दाबून राहिला होता.

लिब्रादाच्या पायाखालची जमीन सरकली. पण बाई खमकी. मिरवणूक परत आल्याबरोबर तिने दारात उभं राहून जाहीर केलं, "बाळाचे पापे जेवणानंतर. पोसोले गार होतंय." चमत्कार आणि मटणाचं पोसोले यात गावाने क्षणभर विचार केला आणि सगळे मांडवाकडे वळले. मग तिने ओनेसिमोची बाही धरून त्याला आत ओढलं आणि दार लावलं.

"हात वर कर."

"म्हातारे, अगं..."

"वर!"

चोर पकडलेल्या शेरीफसारखी ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने कोटात हात घातला. झिजल्या नाकाचं बाळ निघालं, आबेलिनोच्या लहानपणच्या एका पायमोज्यात घातलेलं. त्याच्या अंगाला ओनेसिमोच्या छातीची ऊब होती.

"कधी नेलंस?"

"चारला. रेडिओवर सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"नऊ दिवस! आणि मला सांगत होतास, वाईट बातमी धावत येते. दोन दोन तोर्तिया खात होतास!"

"मी जेवलो नसतो तर तू जेवली असतीस?"

"आणि ते घोरणं?"

ओनेसिमोने खाली पाहिलं. "तू जागी होतीस. मला वाटलं, मी झोपलोय असं वाटलं तर तुला झोप लागेल."

"नऊ रात्री तू घोरण्याचं सोंग करत होतास?"

"घसा बसलाय माझा," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा वाकडातिकडा झाला. साठ वर्षांच्या ओळखीत लिब्रादाने त्याला रडताना पाहिलं नव्हतं. त्याच्या काळजाला आपण वीट म्हटलं, याचं तिला फार वाईट वाटलं. तिने पदराच्या ठिकाणी असलेल्या एप्रनने आधी त्याचे आणि मग, हात वर केलाच आहे तर, स्वतःचे डोळे पुसले.

"रोज पाटावर न्यायचो याला," ओनेसिमो म्हणाला. "सांगायचो, माझा पोरगा दे, मग तुझ्या माणसाकडे सोडतो तुला. आधी रागाने सांगायचो. मग नुसतं पाणी दाखवायचो. सवय झाली गं त्याची."

लिब्रादाने खुर्ची ओढली आणि वर चढून भोपळा उतरवला. आणि इतक्या जवळून तिने सान अंतोनिओच्या तोंडाकडे, जन्मात पहिल्यांदा, काही न मागता पाहिलं. ज्या कुणी तो कोरला त्याने त्याची नजर खाली, डाव्या हातावरच्या बाळाकडे वळवून कोरली होती. बाळ नव्हतं, तरी नजर तिथेच होती. नऊ दिवस हा माणूस त्या रिकाम्या खुंटीकडे बघत उभा होता.

"म्हाताऱ्या," ती हळूच म्हणाली, "आपलं लेकरू कुठे आहे कळत नाही म्हणून आपण याचं लेकरू पळवलं. ज्याला हे दुःख कळायला हवं होतं, त्याला कळावं म्हणून. पण त्याला कळत नव्हतं, असं आपल्याला सांगितलं कुणी?"

तिने बाळाचा मोजा काढला, भोपळ्याचा अंगरखा त्याला घातला. खुंटीशी नेलेलं बाळ तिच्या हातून सुटेना. ते एकदा तिथे बसलं की आपल्या हातात काही उरणार नव्हतं. धमकी नाही, सौदा नाही. खालून ओनेसिमोने तिच्या कोपराला हात लावला. तिने बाळ बसवलं.

"घे तुझं," ती संताला म्हणाली. "आमचं..." आणि ते न संपवताच ती बाळाचा अंगरखा सरळ करायला लागली.

याच वेळी दार वाजलं आणि फादर लॅम्बर्ट आत आले. मानकरीण खुर्चीवर, तिच्या बगलेत टोपडं घातलेला भोपळा, तिचा नवरा डोळे पुसतोय.

"दोन्या लिब्रादा, ते काय आहे?"

"भोपळा आहे, फादर."

फादरनी भोपळा हातात घेऊन हलवला. खुळखुळ. दीर्घ श्वास घेऊन ते बाकावर बसले. "सांगा."

दोघांनी सांगितलं. तरुण फादरनी दोनदा तोंडावर हात धरला, तो राग दाबायला की हसू, ते त्यांचं त्यांना माहीत. शेवटी म्हणाले, "तुम्ही नऊ दिवस त्याला ओलीस धरलंत. आता तुम्हाला नऊ दिवसांचं प्रायश्चित्त. रोज सकाळी दोघांनी इथे येऊन अर्धा तास बसायचं. आणि काहीही मागायचं नाही."

"प्रार्थनाही नाही?"

"प्रार्थना करा. मागू नका."

"मग बोलायचं काय, फादर?"

"ते तुम्ही शोधा," फादर म्हणाले, आणि भोपळा काखेत मारून पोसोलेकडे गेले. तेलेस्फोरला त्यांनी काय सांगितलं कुणास ठाऊक. तो आजही शपथेवर सांगतो की बाळ हसलं होतं.

लिब्रादाच्या आयुष्यात एवढी कठीण शिक्षा झाली नव्हती. पहिल्या दिवशी तिची जीभ इतकी वळवळली की तिने ती दातांखाली धरली. दुसऱ्या दिवशी तिने सान अंतोनिओला कोंबड्यांची सगळी हकीकत सांगितली. तिसऱ्या दिवशी ती आडवाटेने शिरायला गेली, "अलास्कात म्हणे आता सूर्य मावळतच नाही," पण ओनेसिमोने खाकरून तिला अडवलं. "मागत नव्हते, हवापाण्याचं बोलत होते," ती पुटपुटली. पाचव्या दिवशी बोलण्यासारखं काही उरलं नाही आणि दोघं नुसती बसली. ओनेसिमोला डुलकी लागली आणि तो खराखुरा घोरला. ती तो आवाज ऐकत राहिली. सोंगाचं घोरणं इतकं वेगळं होतं, आणि आपल्याला कळलं नाही. सातव्या दिवशी तिच्या ध्यानात आलं की सकाळी उठल्यावर तिची पावलं आपोआप इकडे वळतात. भीती गेली नव्हती. ती त्यांच्याबरोबर येऊन बाकावर बसत होती, एवढंच, आणि आता बाकावर तिच्या शेजारी आणखी कुणीतरी बसलेलं आहे असं लिब्रादाला वाटे.

नऊ दिवस संपले. फोन आला नव्हता. दहाव्या दिवशी मागायची मोकळीक होती, म्हणून ती तावातावाने चर्चमध्ये गेली, गुडघे टेकले, तोंड उघडलं. नऊ दिवस साठवलेलं सगळं बाहेर येईल असं तिला वाटलं होतं. ती थोडा वेळ तशीच राहिली. "तुला ठाऊक आहे," एवढंच म्हणाली. आणि उठून मेणबत्तीदाण्या घासायला लागली.

पंचवीस तारखेला दुपारी, ती लाल मिरच्यांची देठं खुडत असताना, भिंतीवरचा फोन वाजला.

"आई?"

लिब्रादा भिंतीला टेकली.

"आई, मी आबेलिनो. आम्हाला नदीपलीकडे उतरवलं होतं, मग धूर इतका झाला की हेलिकॉप्टर येईना. आज बाहेर काढलं. बरा आहे मी, दाढी वाढलीय फक्त. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," ती म्हणाली. तिच्या बोटांवरची मिरची डोळ्यांत गेली होती, ते एक बरं झालं.

"आई, खरं सांग. सान अंतोनिओला तू काही त्रास नाही ना दिलास?"

"मी?" लिब्रादा म्हणाली. "मी कशाला देईन? तुझ्या बापाला विचार."

ओनेसिमो दारात येऊन उभा राहिला होता. तिने फोन त्याच्या हातात दिला. त्याने तो कानाला लावला, दोन्ही हातांनी धरला, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटेना. ओठ हलत होते, आवाज नव्हता. फोनमधून आबेलिनोचा आवाज येत होता, "बाबा? हॅलो? बाबा, आहात ना?" मग थोडा घाईचा, "आई, अगं इथे एकच फोन आहे. माझ्यामागे चौदा पोरं रांगेत उभी आहेत."

लिब्रादाने नवऱ्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवून फोनमध्ये सांगितलं, "उभी राहू देत. त्यांना म्हणावं, माझा बाप बोलणार आहे, त्याला जरा वेळ लागतोय. आम्ही नाही का थांबलो?"